कचरूनं न काढलेली वाट

टाकळदऱ्यात कचरूचा राग सगळ्यांच्या ओळखीचा होता. एसटी उशिरा आली की तो कंडक्टरला घड्याळ दाखवायचा. चहा पाणचट असला की टपरीवाल्याला ग्लास परत करायचा. कुणी वाटेत थुंकलं, तर त्याच्याच हातानं त्यावर माती टाकून घ्यायचा. लोक म्हणायचे, लष्करात राहून आलाय, खोड जायची नाही. खरं तर कचरू शिपाई वगैरे कधीच नव्हता. तो छावणीतल्या गोल्फच्या मैदानावर एकतीस वर्षं माळी होता. बंदूक त्याच्या हातात कधी आली नाही, आलं ते पोतं.

त्या पोत्याचं आधी सांगायला हवं. टीव्हीवर गोल्फ दिसतो तो हिरवागार. छावणीतलं मैदान मात्र कोरड्या मुलखातलं, तिथं गवताला पाजायला पाणी कुठलं? म्हणून चेंडू शेवटी ज्या खळगीत घालायचा, तिच्याभोवती एक गोल जागा करायची, बारीक वाळू पसरायची आणि वाळूत गाड्यांचं जळकं ऑइल कालवायचं. वाळू दबून बसते, उडत नाही, चेंडू तिच्यावरून सरळ पळतो. साहेब लोक तिला ब्राउन म्हणायचे. ब्राउनवरून कुणी चाललं की पावलं उमटायची, आणि ती पुसायचं काम कचरूचं. लोखंडी पाइपाला पोतं गुंडाळायचं, दोरी बांधायची आणि मधून बाहेर गोल गोल ओढत आणायचं. साहेब पुढच्या ब्राउनवर पोचेपर्यंत मागच्यावर कुणी येऊन गेलंय असं दिसता कामा नये. एकतीस वर्षं कचरूनं दुसऱ्यांची पावलं पुसली आणि पेन्शन घेऊन गावी आला.

टाकळदरा म्हणजे चौसाळ्याच्या अलीकडं हायवे सोडून आत वळल्यावर लागणारं आठवडी बाजाराचं गाव. गावाच्या उगवतीला बौद्धवाडा, पन्नासेक घरं. वाड्याच्या पुढं अठरा एकर गायरान, निव्वळ मुरूम. गायरानाच्या पलीकडं, नाल्याच्या काठी, बौद्धवाड्याचं स्मशान. वाड्यातून निघालेली पायवाट गायरान आडवं कापून थेट तिथं जाते. कचरूचा आजा त्या वाटेनं गेला, बाप गेला, आई गेली. वाट एवढी तुडवलेली की भर पावसाळ्यातही तिच्यावर तरोटा उगवत नाही.

ह्या गायरानावर गोल्फचं मैदान करायचे डोहाळे गावचे पुढारी अंगदराव ह्यांना लागले. सरपंच त्यांची बायको, पण खुर्चीत बसायचे अंगदराव. परदेशात कसल्याशा अभ्यास दौऱ्यावर जाऊन आले आणि तिथून ही हौस घेऊन आले. गावोगावी व्यायामशाळा झाल्यात, आपल्याकडं गोल्फ व्हायला पाहिजे, जिल्ह्यात नाव होईल. ग्रामसभेत पुण्याचा एक साहेब लॅपटॉप घेऊन आला. त्यानं भिंतीवर चित्रं दाखवली: तळी, बदकं, गालिच्यासारखं गवत. लोक तोंड उघडं टाकून बघत होते. मागच्या बाकावर कचरूच्या कपाळाची शीर उडायला लागली होती.

तो उभा राहिला. "साहेब, ह्या गवताला रोज किती पानी लागतं?"

साहेबानं आकडा सांगितला. तो लाखांतला होता.

"आमच्या वाड्यात उन्हाळ्यात आठ आठ दिवस टँकर येत न्हाई. मानसानं प्यायचं का गवतानं? आन मैदान हिरवंच कावून पायजे? मुरमाचं गाव हाय, मुरमाचं मैदान करा. वाळू नदीची, आइल चौसाळ्याच्या गॅरेजमधलं. मी करून देतो. एकतीस वर्षं तेच केलंय."

सभा हसली. अंगदराव हसले नाहीत. माणूस हुशार. फुकटात रचनाकार मिळतोय हे त्यांनी तिथल्या तिथं ओळखलं. "मग तुमीच करा, कचरूमामा," ते म्हणाले. "गावचं मैदान, गावच्या मानसानं केलेलं, गावानं खेळायचं."

कचरू भुलला. दुसरा शब्द नाही त्याला. 'गावचं' म्हटल्यावर त्यात आपला वाडाही धरलाय, असं त्याला वाटलं.

हिवाळ्याचे चार महिने तो गायरानात होता. सकाळी भाकरी बांधून जायचा ते दिवे लागायच्या आत परतायचा. त्या चार महिन्यांत तो कुणावर ओरडला नाही, एवढं सांगितलं तरी पुरे. वारा मावळतीकडून येतो, म्हणून पहिला होल, म्हणजे चेंडू मारायच्या जागेपासून खळगीपर्यंतचा पट्टा, वाऱ्याच्या ओघात ठेवला. नवख्या माणसाचा चेंडूही लांब गेला पाहिजे, त्याला हुरूप आला पाहिजे. तिसऱ्याला मध्ये जुनी खदान, चेंडू तिच्यावरून मारायचा. कडुनिंबाखाली दुपारी शेळ्या बसतात, ती जागा शेळ्यांनाच सोडली. पाचवा नाल्याकडं उतरता, म्हणजे पावसाचं पाणी आपोआप निघून जाईल. सातवा सगळ्यात लांब, आणि तो पायवाटेला आडवा जाणार होता. त्याच्यावर कचरूनं आठ दिवस घालवले. चेंडू मारायची जागा वाटेच्या अलीकडं शंभर पावलं, ब्राउन वाटेच्या पलीकडं एकशे दहा पावलं. चेंडू वाटेच्या बराच वरून गेला पाहिजे, चालणाऱ्याला भीती वाटता कामा नये. छावणीत रस्त्यानं मयत चालली की साहेब लोक काठी खाली ठेवून, टोपी काढून उभे राहायचे. तसंच इथंही व्हायचं. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कचरूला वाटलं नाही.

त्याची चुलती केसरबाई, ऐंशीच्या पुढची, शेळ्यांबरोबर कडुनिंबाखाली येऊन बसायची आणि कामातल्या खोड्या काढायची. वाड्यातल्या बाया सातव्या ब्राउनची वाळू पसरत होत्या तेव्हा ती म्हणाली, "कचरू, मला न्यायच्या दिवशी ह्या गुळगुळीत जागंवरनं नेऊ नको रं. घसरतेन पोरं, आन मी पडंन खाली."

"न्हाई काकू, तुजी वाट येगळी हाय. एकशे दहा पावलं लांब."

मग त्यानं नकाशा काढला. जुन्या कॅलेंडरची चार पानं उलटी चिकटवली, पाठकोऱ्या बाजूला पेन्सिलीनं कडुनिंब, खदान, बाभळी, नाला, सगळं जागच्या जागी. नऊ ब्राउन तपकिरी खडूनं रंगवले. खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं: रचनाकार, कचरू भिवा ओव्हाळ. ग्रामसभेनं ठराव केला, 'सोबतच्या नकाशाप्रमाणे मैदान करावे.' त्या दिवशी घरी जाताना कचरूनं टपरीवर दोन चहा प्यायले आणि पाणचट असूनही काही बोलला नाही.

नकाशात वाट नव्हती. तो विसरला असं नाही. वाट काढायची असते, हेच त्याच्या डोक्यात आलं नाही. आपल्या घराचं चित्र काढताना दारातून आत जाणारी पावलं कुणी काढत नाही. वाट होतीच की. ती कुठं जाणार होती?

उन्हाळ्याच्या तोंडावर ठेकेदाराची माणसं तारेची जाळी आणि लोखंडी खांब घेऊन आली. आठ दिवसांत अठरा एकराला चारी बाजूंनी कुंपण पडलं. फाटक एकच, डांबरी रस्त्याच्या बाजूला. वाड्याकडून आलेली वाट जाळीला येऊन थटली, आणि पलीकडं नाल्याच्या बाजूला पुन्हा जाळीपासून सुरू झाली. कचरूनं आधी ते बघितलं, मग ठेकेदाराला शिव्या दिल्या, मग ताडताड अंगदरावांच्या ऑफिसात गेला.

"अंगदराव, दोन फाटकं ऱ्हायलीत. एक वाड्याकडनं, एक नाल्याकडनं."

"कसली फाटकं?"

"वाटंची."

अंगदरावांनी कपाटातून कॅलेंडरचा नकाशा काढून टेबलावर पसरला. "दावा बरं, मामा. कुठंय वाट?"

कचरूनं सातव्या होलवर बोट ठेवलं. बोटाखाली कोरा कागद होता.

"नकाशा तुमचा, सही तुमची," अंगदराव म्हणाले. "मी ह्यात एक रेघ मारली का? ठराव झालाय नकाशापरमानं. आन मधून मानसं फिरायला लागल्यावर त्याला मैदान कोन म्हनंल?"

"मानसं फिरत न्हाईत तितनं. मढी जातेत."

"मग तसं काय झालंच तर अर्ज द्या, मेन गेट उघडून देऊ. न्हाईतर डांबरी रस्ता हायच की, चौकातनं."

"मेल्यावर अर्ज? कुनी द्यायचा? मेलेल्यानं?"

चौकातून तीन किलोमीटरचा वळसा होता. पण प्रश्न वळशाचा नव्हता. त्या चौकातून बौद्धवाड्याचं मढं आजवर कधी गेलेलं नव्हतं, आणि का गेलेलं नव्हतं हे टेबलाच्या दोन्ही बाजूंना ठाऊक होतं.

कचरूची मुलगी पंचशीला बीडला मोजणी खात्यात कारकून आहे. तिनं सरकारी गावनकाशा काढून बघितला आणि रविवारी घरी आली. "आबा, जुन्या पायवाटा तुटक रेघंनं दाखवलेल्या असतेत. मळ्याची वाट हाय, देवळाची हाय. आपली न्हाई."

"कावून न्हाई?"

"निजामाच्या काळात मोजनीदार आला आसंल, त्यानं काढली न्हाई. आन..." तिनं वाक्य सोडून दिलं.

"आन दुसऱ्या बारीला मी काढली न्हाई," कचरू म्हणाला.

त्या दुपारी त्यानं स्वतःला ज्या शिव्या घातल्या त्या लिहिण्यासारख्या नाहीत. तपकिरी खडूचे तुकडे केले, जेवणाचं ताट सरकवून दिलं. त्याची बायको मुक्ताबाई चुलीपाशी बसून ऐकत होती. शेवटी तीही तापली.

"अवो, त्या मोजनीदाराला आपली मानसं दिसलीच न्हाईत. तुमाला दिसत हुती. पर कागद हातात घेतला की तुमी सायबाला काय लागतं तेवढंच काढलं. जलमभर तेच केलंव. मानूस गेला की मागनं पोतं वढायचं."

कचरू तिच्या अंगावर ओरडला, दार आपटून बाहेर गेला आणि पाराच्या कट्ट्यावर बसून राहिला. तिच्यावर राग यायचं कारण एवढंच की ती खरं बोलली होती.

फाटकांसाठी तीन अर्ज दिले. एकाचंही उत्तर आलं नाही. वाड्यातले लोक म्हणाले, लाथ मार त्या कामाला. कचरूनं काम सोडलं नाही. सोडलं असतं तर आत पाय ठेवायला मिळाला नसता. तो रोज जायचा, वाळूत ऑइल कालवायचा, पोतं ओढायचा, आणि डोळे उघडे ठेवायचा. नाल्याच्या बाजूला, जिथं वाट पुन्हा सुरू होते तिथं, खाली खडक लागला होता. ठेकेदाराच्या माणसांनी तिथले तीन खांब वीतभर खड्ड्यात उभे करून नुसता मुरूम दाबला होता, सिमेंटचं पाटीभर मिश्रणसुद्धा टाकलं नव्हतं. कचरूनं ते बघितलं. खराब काम बघून तो गप्प बसला, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

उद्घाटन रविवारी अकराला होतं. मांडव पडला, पांढऱ्या टोप्या आल्या, बीडहून पाहुणे निघाले. आणि त्याच दिवशी सकाळी सहाला केसरबाई गेली.

आठ वाजता कचरू मांडवात हजर होता. राग गिळून त्यानं अर्ज लिहून आणला होता, स्वच्छ अक्षरात, तारखेसकट. अंगदरावांनी तो वाचला आणि कपाळावर हात मारला. "मामा, आजच? आता पाव्हने येतेन. चार वाजता बघू, समदे गेल्यावर. न्हाईतर रस्त्यानं न्या, मी गाडी देतो."

"चारला उघडनार का, नक्की?"

"बघू म्हनलं ना."

अंगदरावांनी एक पांढरी टोपी त्याच्यासमोर धरली. रचनाकारानं आज टोपी घालायची होती. कचरूनं ती हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली, टेबलावर ठेवली आणि निघाला.

साडेअकराला पाहुण्यांनी काठी उचलली. चेंडू टीच्या बारक्या खुंटीवर ठेवलेला, फोटोवाले गुडघ्यावर. तेवढ्यात मोठ्या फाटकातून त्रिसरण म्हणण्याचे आवाज आले. पुढं कचरू, खांद्यावर तिरडी, मागं पांढऱ्या कपड्यांतला सगळा वाडा, बाया धरून.

"ए कचऱ्या!" अंगदराव मांडवातून धावले. "मागं फिर बे! डोकं फिरलंय का तुजं?"

मामाचा कचऱ्या व्हायला एवढासाच वेळ लागला. कचरू थांबला नाही, पण त्याचा आवाज पार नाल्यापर्यंत गेला.

"तुमी कचऱ्या म्हना, मी अंगदरावच म्हननार. बाजूला व्हा! तुमी म्हनलता ना, गावचं मैदान? हे गावचं मानूस हाय. मानूस चाललं की खेळ थांबतो. कायदा हाय ह्या खेळाचा. मला इचारा, मी रचनाकार हाय!"

पाहुणे बिचारे काठी खाली ठेवून, टोपी काढून उभे राहिले. त्यांचं बघून बाकीच्यांनी काढल्या. अंगदराव एकटेच टोपी घालून उभे होते.

फाटकापासून जुन्या वाटेला लागायचं तर सातव्या ब्राउनवरूनच जावं लागत होतं, दुसरीकडं खदान. कडेला आल्यावर कचरू पुटपुटला, "काकू, माफ कर. ह्याच जागंवरनं न्यावं लागतंय." कुणी घसरलं नाही. शेकडो पावलं ऑइलच्या वाळूत खोल उमटली, चपलांची, अनवाणी, लहानमोठी. पुढं एकशे दहा पावलांवर जुनी वाट लागली. नाल्याकडचे तीन खांब त्यानं दाखवले. चौघांनी हात लावला तसे ते उपटून आले आणि जाळी जमिनीवर लोळली. तार कुणी तोडली नाही. केसरबाई आपल्या माणसांशेजारी गेली.

परत आला तेव्हा अंगदराव कामगारांवर ओरडत होते, "वढा पोतं! पुसा ते समदं!" कचरूनं दोन ढांगांत जाऊन पोतं हिसकावलं, ब्राउनच्या काठावर टाकलं आणि त्याच्यावर मांडी घालून बसला.

"ही पावलं पुसायची न्हाईत. हात लावून दावा कुनी."

कुणी लावला नाही. तीनच्या सुमाराला पोलीस येईपर्यंत तो तसाच उन्हात बसून होता.

फिर्याद अंगदरावांची होती: बेकायदा घुसून मैदानाचं आणि कुंपणाचं नुकसान केलं. हवालदारानं पॅडला कागद लावला आणि पंचनाम्याचा नकाशा काढायला घेतला. "कुठनं आले, कुठं गेले?"

अंगदरावांना नुकसान थोडकं दिसायला नको होतं. त्यांनी फाटकापासून नाल्यापर्यंत हात फिरवला. "समदं तुडवलंय. एक न एक पाऊल काढा."

हवालदार पावलांमागं चालत गेला, जाळीपलीकडं डोकावला, वाड्याच्या बाजूला जाऊन आला. "ही तर जुनी मळलेली वाट दिसतीय. दोन्हीकडं कुंपनाला थटलीय."

"सातशे बारा पावलं हाय," पोत्यावरून कचरू म्हणाला. "वाड्यापसून स्मशानापस्तोर."

"आरोपीनं मधी बोलू नये," हवालदार म्हणाला, आणि सातशे बारा लिहून घेतलं. मांडवात पाहुणे जेवायला खोळंबले होते. अंगदरावांनी कागदाखाली भराभर सही ठोकली आणि गेले.

पंधरा दिवसांनी पंचशीला पंचनाम्याची नक्कल घेऊन आली. तिला धीर धरवत नव्हता. "आबा, बघा! सरकारी कागद हाय, शिक्का हाय, फिर्यादीची सही हाय. आता वाट नव्हतीच आसं त्येंना म्हनता यायचं न्हाई. ह्याच्यावरनं आपन दावा लावू."

कचरूनं चष्मा लावला आणि सातव्या होलवर बोट ठेवलं. बोटाखाली तुटक रेघ होती, वाड्यापासून थेट नाल्यापर्यंत, आणि तिच्या कडेला लिहिलं होतं, 'पायवाट'.

मुक्ताबाई त्याच्या तोंडाकडं बघत होती. त्याला आनंद झाला असेल असं तिला वाटलं होतं. पण कचरूच्या कपाळाची शीर उडत होती.

"मोजनीदार आला तवा दिसली न्हाई," तो म्हणाला. "गरामसभेला दिसली न्हाई. मलाबी दिसली न्हाई. आन गुन्हा लावायचा म्हनल्यावर बरी दिसली, आं? येवडी सरळ दिसली!"

कचरूनं पान उलटलं. मागं आरोपींची यादी होती, नाव, वय, बापाचं नाव, राहणार बौद्धवाडा. पहिलं त्याचं, दुसरं मुक्ताबाईचं. तो बोट ठेवून एकेक वाचत खाली गेला. त्र्याण्णव नावं होती. त्या दिवशी तिरडीमागं चाललेलं एकही माणूस यादीत यायचं राहिलं नव्हतं.